पाया आणि चढ

गणितात मागे पडलेल्या मुलाला आपण पिढ्यान्‌पिढ्या एकच निदान ऐकवत आलो आहोत: "तुझा पाया कच्चा आहे." दहावीत ते ऐकायला मिळते, बारावीत मिळते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-वनची, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपराची, केटी लागली की घरचे, क्लासचे आणि कॉलेजचे सगळे मिळून तेच म्हणतात. निदानापाठोपाठ येणारा उपायही ठरलेला असतो. आधी मागचे सगळे पक्के कर, अपूर्णांक, घातांक, बीजगणित, त्रिकोणमिती, आणि मगच कॅल्क्युलसला हात घाल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि उपाय इतका सर्वमान्य असतो की ते एक मत आहे, त्याला पुरावा मागता येतो, हेच आपण विसरून गेलो आहोत.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेच पाहिजे ही इंजिनिअरिंग प्रवेशाची अट सैल करण्याची वाट मोकळी केली, तेव्हा देशभर वाद पेटला. बारावीच्या गणिताशिवाय इंजिनिअरिंगला पायाच उरणार नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू म्हणत होती की ब्रिज कोर्स घेऊन पाया घालता येईल. वाद कडाक्याचा झाला, पण पाया आधी घालावा, वेगळा घालावा आणि पुरता घालावा, याबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत होते. तो कुठे घालायचा एवढ्यापुरतेच भांडण होते.

मला खंडन करायचे आहे ते या एकमताचे. मूलभूत कौशल्ये लागतातच, याबद्दल माझा वाद नाही. ती कॅल्क्युलसच्या अलीकडच्या वेगळ्या वर्गांत बसवून पक्की होतात, हे मला मान्य नाही. पुष्कळ विद्यार्थ्यांची ही कौशल्ये कॅल्क्युलस शिकता शिकताच पक्की होतात, आणि म्हणून मदत तिथे, त्याच वेळी मिळाली पाहिजे. "आधी पाया" या मताची सर्वांत मोठी आणि सर्वांत दीर्घ परीक्षा अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत झाली. तिथे आकडे मोजले गेले, प्रयोग झाले, कायदे झाले. त्यामुळे पुरावा मी मुख्यतः तिथला घेणार आहे.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडायचे आणि मग ते खोडायचे, हा खंडनाचा धर्म नाही. ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा गणिताच्या रचनेचा आहे. गणित म्हणजे उतरंड. खालचे मडके तडकलेले असेल तर वरचे ठेवता येत नाही. अपूर्णांकांवाचून बीजगणितातल्या पदावल्या सुटत नाहीत, पदावल्यांवाचून फलन कळत नाही आणि फलनावाचून विकलन-संकलन अशक्य.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. कॅल्क्युलसमध्ये नापास होणाऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासा. विकलनाचा नियम बरोबर लिहिलेला असतो आणि पुढच्या ओळीत बीजगणित चुकलेले असते. या अनुभवाला संशोधनाचा आधारही आहे. हार्वर्डशी संबंधित फिलिप सॅडलर आणि गेर्हार्ड सॉनर्ट यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, कॉलेजच्या कॅल्क्युलसमधल्या यशावर शाळेत कॅल्क्युलस शिकण्याचा जेवढा परिणाम होतो, त्याच्या दुपटीहून अधिक परिणाम कॅल्क्युलसपूर्व गणितावरील प्रभुत्वाचा होतो.

तिसरा मुद्दा करुणेचा आहे, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. तयारी नसलेल्या मुलाला कॅल्क्युलसच्या वर्गात ढकलणे हा दुष्टपणा आहे. तो नापास होईल, त्याचा आत्मविश्वास जाईल आणि गणित कायमचे सुटेल. त्यापेक्षा त्याला एक पायरी खाली बसवा, धीराने शिकवा आणि मग वर घ्या.

अमेरिकेतली गणिताची शिडी याच करुणेतून उभी राहिली. १९७० मध्ये सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने शहरातल्या शालान्त झालेल्या प्रत्येकाला दार उघडले. इतरत्रही कम्युनिटी कॉलेजे अशीच सर्वांसाठी खुली होती. ज्यांच्या घरात कॉलेजचे तोंड कुणी पाहिले नव्हते अशी मुले, कामगार, नव्याने देशात आलेली माणसे वर्गात येऊन बसली. कित्येकांचे शालेय गणित अपुरे होते. त्यांच्यासाठी वर्गांची ओळच लागली: अंकगणित, प्री-अल्जिब्रा, एलिमेंटरी अल्जिब्रा, इंटरमीजिएट अल्जिब्रा. हे चार वर्ग पदवीच्या हिशेबात धरले जात नसत. त्यांच्या पुढे कॉलेज अल्जिब्रा, त्रिकोणमिती, प्री-कॅल्क्युलस आणि शेवटी कॅल्क्युलस. दाराशी एक चाचणी घ्यायची आणि कोणत्या पायरीवर कुणाला उभे करायचे ते तिच्यावरून ठरवायचे. योजना नेमस्त होती, सहृदय होती. तरीही ती फसली. ती का फसली, हे समजून घेतले की आपल्याकडच्या "पाया कच्चा" या निदानातली चूकही कळते.

दृष्टांत हा हेतू नव्हे

पहिला मुद्दा उतरंडीचा. न्यायशास्त्राच्या भाषेत उतरंड हा दृष्टांत आहे, हेतू, म्हणजे सिद्ध करणारे कारण, नव्हे. मडक्यांबद्दल जे खरे आहे ते ज्ञानाबद्दलही खरे आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. खालच्या मडक्यावाचून वरचे राहूच शकत नाही असा नियम असेल, तर तो मोडायला एक प्रतिउदाहरण पुरते. इथे तर गणिताचा सगळा इतिहासच प्रतिउदाहरण आहे.

न्यूटनने कॅल्क्युलसची मुख्य सूत्रे १६६५-६६ च्या सुमारास शोधली. लायब्निट्सचा निबंध १६८४ मध्ये छापून आला. आज कॅल्क्युलसचा पाया म्हणून पहिल्याच प्रकरणात शिकवली जाणारी सीमेची कल्पना कोशीने १८२१ मध्ये नीट मांडायला घेतली. तिला आजचे काटेकोर रूप त्यानंतर वायरश्ट्रासने दिले, आणि ज्या वास्तव संख्यांवर हे सगळे उभे आहे त्यांची घडण डेडेकिंडने १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. मधल्या दोन शतकांत ग्रहांच्या कक्षा, तारेची कंपने, उष्णतेचे वहन, सगळे कॅल्क्युलसने सोडवून झाले होते. मंदिर बांधून, वापरून, त्यात उत्सव होऊन गेल्यावर त्याखाली पाया घातला गेला.

आपल्या भूमीतले उदाहरण याहून जुने आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. त्यांच्या विद्येचा अभ्यास चालावा म्हणून नातू चांगदेवाने मठ स्थापला, त्याची साक्ष देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला आहे. ग्रहगणितात भास्कराचार्य दिवसाची स्थूल गती आणि तात्कालिक गती यांत फरक करतात. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते. तिथी संपण्याची वेळ बिनचूक काढायची तर दिवसभराची सरासरी गती चालत नाही, त्या क्षणाची गती लागते. ती काढताना ज्येतला (साइनमधला) बदल कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात होतो, हे ते वापरतात. मूळचे महाराष्ट्रातले आणि काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवणारे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये हे विकलनाचे तत्त्व असल्याचे विद्वानांपुढे मांडले. भास्कराचार्यांजवळ सीमेची व्याख्या नव्हती, आजचे फलनही नव्हते. त्यांच्यापुढे पंचांगाचा एक खरा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाने त्यांना क्षणाच्या गतीपर्यंत नेले.

यावर पूर्वपक्षी म्हणेल की, इतिहासाचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एक नसतो. भास्कराचार्य आणि न्यूटन हे असामान्य होते. आक्षेप रास्त आहे. इतिहासावरून मी एवढेच सिद्ध करतो की गणिताच्या स्वरूपातच "खालचे आधी" अशी सक्ती नाही. सामान्य विद्यार्थ्याला कोणता क्रम सोसतो, हे पाहायला सामान्य विद्यार्थ्यांकडेच गेले पाहिजे.

अन्वय आहे, व्यतिरेक नाही

आता दुसरा मुद्दा. ज्याचे बीजगणित पक्के, त्याला कॅल्क्युलस जमते, हा अन्वय मला मान्य आहे. पण उजळणीचे वर्ग घ्या, असे सांगायचे तर पूर्वपक्षाला याहून जास्त सिद्ध करावे लागेल: उजळणीचा वर्ग केला की ते कौशल्य येते आणि तो न केलेला, बाकी सारखाच असलेला विद्यार्थी मागे पडतो. हा व्यतिरेक कुठे आहे? कौशल्याचा उपयोग सिद्ध केला म्हणून ते देऊ पाहणाऱ्या वर्गाचा उपयोग सिद्ध होत नाही. भूक लागलेल्याला अन्न हवे असते हे खरे. त्यावरून अमुक खानावळीत अन्न मिळते असे ठरत नाही.

सॅडलर आणि सॉनर्ट यांनीच २०१४ मध्ये हाच प्रश्न तपासला होता. कॉलेजात प्री-कॅल्क्युलसचा वर्ग करून कॅल्क्युलसला बसलेले आणि तशीच पार्श्वभूमी असून तो वर्ग न करता थेट बसलेले, यांची तुलना केली तर कॅल्क्युलसच्या गुणांत त्या वर्गाचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. एक संपूर्ण सत्र आणि त्याची फी खर्च करून हाती लाभ लागला नाही.

आणि पूर्वपक्ष २०१८ चा जो अभ्यास पुढे करतो, तो त्याने पुरता वाचला पाहिजे. प्रभुत्वाचा परिणाम दुपटीहून मोठा, हे त्याचे अर्धे फलित. शाळेत कॅल्क्युलस शिकण्याचा सर्वाधिक फायदा ज्यांची आधीची तयारी कमी होती त्यांनाच झाला, हे उरलेले अर्धे. उतरंडीचा सिद्धांत खरा असता तर नेमके उलटे दिसायला हवे होते. तडकलेल्या मडक्यावर आणखी एक ठेवले तर ते फुटायला हवे होते. इथे वरचे ठेवल्याने खालचे सांधले गेले. कॅल्क्युलस करताना बीजगणिताला रोज हात लागतो आणि ज्याचे बीजगणित कच्चे त्याला त्या रोजच्या वापराचा लाभ सर्वांत जास्त होतो, असा याचा अर्थ मी लावतो.

सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत २०१३ मध्ये झालेला प्रयोग याहून काटेकोर होता. एलिमेंटरी अल्जिब्राची गरज आहे असे ठरवलेल्या ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी केली. पहिल्या गटाला नेहमीचा अल्जिब्राचा वर्ग, दुसऱ्याला तोच वर्ग आणि जोडीला साप्ताहिक कार्यशाळा, तर तिसऱ्याला थेट पदवी पातळीचे संख्याशास्त्र आणि जोडीला तशीच कार्यशाळा. पहिल्या गटातले सुमारे ३९ टक्के पास झाले, दुसऱ्यातले ४५ टक्के आणि तिसऱ्यातले ५६ टक्के. वरच्या पायरीवर थेट उभे केलेले विद्यार्थी खालच्या पायरीवर ठेवलेल्यांपेक्षा अधिक संख्येने यशस्वी झाले. संख्याशास्त्र म्हणजे कॅल्क्युलस नव्हे, आणि या प्रयोगावरून कॅल्क्युलसबद्दल थेट निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पण बीजगणिताची पायरी चढल्यावाचून पुढचे काहीच जमणार नाही, हा सरसकट नियम मात्र याने निश्चित मोडतो.

गुणाकाराचा नियम

तिसरा मुद्दा करुणेचा. त्याचे उत्तर खुद्द अंकगणितात आहे.

समजा, शंभर विद्यार्थ्यांना अंकगणिताच्या वर्गात बसवले आणि पुढे तसेच तीन वर्ग आहेत. प्रत्येक वर्गात ७० टक्के पास होतात असे धरू. हा निकाल कुठल्याही कॉलेजात चांगलाच मानला जाईल. पास झालेल्यांपैकी ८० टक्के पुढच्या सत्रात नाव घालतात असेही धरू. पहिल्या वर्गातून ७० बाहेर पडतात, ५६ पुढे बसतात. त्यांतले ३९ पास होतात, ३१ तिसऱ्या वर्गात बसतात. तिथून २२ सुटतात, चौथ्या वर्गात १७-१८ पोचतात आणि शेवटी पास होतात १२. कॅल्क्युलस अजून पुढेच आहे. या हिशेबात एकही शिक्षक वाईट नाही, एकही परीक्षा अन्यायाची नाही. गळती वर्गांच्या संख्येतून होते. प्रत्येक वर्गाचा निकाल थोडा सुधारला तरी गुणाकार आपले काम करतच राहतो.

हे गृहीत आकडे होते. आता खरे घ्या. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राचे थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ कॉलेजांतल्या अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची नोंद तपासली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. गणिताच्या उजळणीला पाठवलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांनीच ती ओळ पूर्ण केली. तीन किंवा अधिक पायऱ्या खाली ठेवलेल्यांत हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होते. यांत सर्वांत बोलकी गोष्ट अशी की नापास होऊन गळालेल्यांपेक्षा पुढच्या, किंवा अगदी पहिल्याच, वर्गात नाव न घालता निघून गेलेले जास्त होते. या मुलांना गणित जमले नाही असे म्हणता येत नाही. नोकरीची पाळी बदलली, घरी आजारपण आले, फी भरायला पैसे उरले नाहीत. लांब वाटेवर अशा अडचणींना जागा जास्त मिळते.

नापास होण्याचे दुःख मोठे असते, हे पूर्वपक्षाचे म्हणणे खरे आहे. पण कधी परीक्षेला बसूच न दिलेल्याचे दुःख निकालपत्रात दिसत नाही, एवढ्याने ते लहान ठरत नाही. आणि खालच्या पायरीवर ठेवायचे कुणाला, हे तरी अचूक ठरत होते का? जुडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासानुसार दाराशी घेतलेल्या चाचणीने गणितात चौघांतल्या एकाला सपशेल चुकीच्या जागी बसवले होते, आणि त्यांत वर जमले असते पण खाली ठेवले गेले, अशांची संख्या अधिक होती. कंपास नावाची अशी एक प्रचलित चाचणी तिच्या चालकांनी २०१६ मध्ये बंदही केली.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा करून उजळणीची सक्ती काढली. विद्यार्थी थेट पदवीच्या वर्गात यशस्वी होण्याची शक्यता फारच कमी असेल तरच त्याला खाली पाठवता येईल, आणि ते ठरवताना शाळेतली कामगिरी विचारात घ्यावी लागेल. २०२२ च्या एबी १७०५ ने हीच दिशा कॅल्क्युलसपर्यंत नेली. पहिल्या वर्षात पदवी पातळीचे गणित पूर्ण करणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. त्याबरोबर त्या वर्गात नापास होणाऱ्यांची संख्याही वाढली, आणि अनेक प्राध्यापकांनी या बदलाला कडाडून विरोध केला. हे दोन्ही लपवण्याचे कारण नाही. नापास झालेल्यांची वाढ सांगते की दार उघडणे पुरेसे नव्हते. आत मदतही हवी होती, आणि ती सगळीकडे सारखी मिळाली नाही.

पूर्वपक्षाचे देणे

खंडन करताना प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते त्याला दिले पाहिजे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका कार्यगटाने अहवाल दिला. हायस्कूल पातळीपेक्षा कमी गणित येत असलेल्या नवागतांची संख्या तिथे २०२० ते २०२५ या काळात जवळजवळ तीसपट झाली होती. आठांतला एक विद्यार्थी असा होता. महासाथीत बुडालेली शाळा, प्रवेशातून वगळलेल्या प्रमाणित परीक्षा आणि सढळ हाताने दिलेले शालेय गुण, अशी कारणे अहवालात आहेत. ज्याला दोन अपूर्णांकांची बेरीज करता येत नाही, ऋण संख्येचा अर्थ ठाऊक नाही, आलेख वाचता येत नाही, त्याला थेट कॅल्क्युलसमध्ये बसवा, असे मी म्हणत नाही. अशांसाठी आधीचा वर्ग हवा; तो एकच असावा, नेटका असावा आणि त्याच्या टोकाला कॅल्क्युलस स्पष्ट दिसत असावे. माझा वाद आहे तो या मुलांचा दाखला देऊन बाकीच्या मोठ्या मधल्या वर्गालाही शिडीच्या तळाशी पाठवण्याशी. या मधल्या वर्गातल्या मुलांना बीजगणित ठाऊक असते. ते करताना चुका होतात, इतकेच.

मंडन

या मधल्या वर्गाच्या चुका कॅल्क्युलसमध्ये कशा दुरुस्त होतात, ते आता दाखवतो. माझ्या मताचा खरा आधार इथे आहे.

सर्वांत परिचित चूक घ्या. (क्ष + च)² म्हणजे क्ष² + च², असे विद्यार्थी लिहितो. उजळणीच्या वर्गात शिक्षक लाल शाईने "२ क्ष च" घालतात, तो वहीत पुन्हा लिहून काढतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच चूक करतो. तो आळशी नसतो. त्या वर्गात त्या चुकीने काहीच बिघडत नाही, म्हणून ती टिकून राहते. उत्तर चुकीचे आहे हे त्याला फक्त शिक्षकांच्या शब्दावरून कळते.

आता तीच चूक कॅल्क्युलसमध्ये होऊ द्या. क्ष² या फलनाच्या आलेखाचा चढ काढायचा आहे. क्ष थोडा पुढे सरकवून क्ष + च केला, फलनातला फरक घेतला, त्याला च ने भागले. चुकीच्या विस्ताराने फरक येतो च², भागाकार येतो च. च शून्याकडे नेला की चढ शून्य. म्हणजे या वक्राला कुठेच चढ नाही. तो सपाट जमिनीसारखा आहे. पण विद्यार्थ्याने आलेख नुकताच स्वतःच्या हाताने काढलेला असतो. १ चा वर्ग १, २ चा ४, ३ चा ९, वक्र सरसर वर चाललेला त्याला दिसतो. उत्तर आणि चित्र जुळत नाहीत. आता चूक त्याला दुसऱ्या कुणी सांगावी लागत नाही, तो स्वतः ती शोधायला मागे जातो. सुटलेले २ क्ष च सापडते, च ने भागले की २ क्ष + च राहते, च शून्याकडे नेला की उरते २ क्ष. जे पद तो वर्षानुवर्षे विसरत होता, त्यातच चढ दडलेला होता. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ते पद सहसा पुन्हा विसरत नाही.

दुसरी चूक: १/(क्ष + च) म्हणजे १/क्ष + १/च. हे धरून १/क्ष चा चढ काढला तर फरक १/च, त्याला च ने भागल्यावर १/च². च लहान होत जाईल तसे हे प्रचंड होते; म्हणजे वक्र प्रत्येक ठिकाणी भिंतीसारखा उभा. आलेख सांगतो की क्ष १ असताना किंमत १, २ असताना अर्धा, ४ असताना पाव. वक्र हळूहळू खाली उतरतो आहे. मग छेद समान करावे लागतात, अंशात −च मिळतो, आणि चढ −१/क्ष² येतो. शाळेत निव्वळ नियम म्हणून पाठ केलेल्या समच्छेदाला इथे काम मिळाले आणि ऋण चिन्हाला अर्थ मिळाला: आलेख उतरतो आहे. वर्गमूळाचेही तसेच. √(क्ष + च) ला √क्ष + √च धरले की चढ पुन्हा बेसुमार वाढतो. नववीत करणींच्या धड्यात अनुबद्ध जोडीने गुणायला शिकवले होते; ते कशासाठी, हे इथे पहिल्यांदा कळते.

या तिन्ही ठिकाणी विद्यार्थी बीजगणितच शिकला. एरवीच्या उजळणीत बीजगणित स्वतःच्याच खातर केले जाते; इथे ते कशाच्या तरी उपयोगी पडले, आणि चुकले तेव्हा चित्राने त्याला ते दाखवले. पाया पक्का होणे मी याला म्हणतो.

ही मदत कशी द्यावी, याचा धडा बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्राइसमन यांनी घालून दिला. १९७० च्या दशकात तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या प्रमाणावर मागे पडत होते. प्राध्यापकांना कारणे विचारली तर नेहमीची उत्तरे मिळाली: तयारी कच्ची, प्रेरणा कमी, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइसमन यांनी विद्यार्थ्यांसोबत महिनोन्‌महिने घालवून त्यांचा अभ्यास पाहिला. ही कारणे टिकली नाहीत. चांगल्या गुणांनी आलेली मुलेही अडखळत होती. ट्राइसमन यांना दिसले ते असे की चिनी वंशाची मुले आधी एकेकटी गणिते करीत आणि मग एकत्र बसून एकमेकांची तपासत. कृष्णवर्णीय मुले मात्र शेवटपर्यंत एकटीच झगडत. ट्राइसमन यांनी उजळणीऐवजी कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत वर्गापेक्षा अवघड गणिते दिली जात, आणि ती गटात बसून सोडवायची असत. कार्यशाळेतली मुले इतरांच्या बरोबरीने, कित्येकदा त्यांच्या पुढे गेली. ती बर्कलीत प्रवेश मिळवलेली मुले होती, तेव्हा हा निकाल सगळ्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण "पाया कच्चा" हे निदान न तपासता देऊ नये, एवढे त्यातून नक्की शिकता येते.

आपल्या खेड्यांत पोहायला शिकवण्याची जुनी रीत आहे. पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि त्याला विहिरीत उतरवायचे. काठावर हातपाय हलवण्याची तालीम वर्षभर कुणी घेत नाही, आणि भोपळ्यावाचून कुणी त्याला खोल पाण्यात लोटूनही देत नाही. हा दृष्टांत आहे, हेतू नव्हे. हेतू वर दिले आहेत. पण मला काय म्हणायचे आहे ते त्यात नेमके येते.

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हे करणे अवघड नाही. ब्रिज कोर्स बहुतेक ठिकाणी सत्राच्या सुरुवातीला काही दिवसांत उरकला जातो, जेव्हा विद्यार्थ्याला त्या बीजगणिताची गरज अजून भासलेलीही नसते. तेच तास सत्रभर पसरावेत. एम-वनच्या नेहमीच्या तासांना जोडून, तयारी कमी असलेल्यांसाठी आठवड्याला दोन जादा तास ठेवावेत. ते त्याच शिक्षकांनी घ्यावेत आणि त्या आठवड्यात विकलनाला लागेल तेवढेच बीजगणित त्यांत करावे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुले एम-थ्रीमध्ये लाप्लासच्या रूपांतरापाशी अडतात. त्यांनाही आंशिक अपूर्णांक तिथेच, त्या आठवड्यात शिकवावेत. जादा तास शिक्षकांच्या कार्यभारात मोजले जावेत, नाहीतर ही योजना कागदावरच राहील. शेवटची प्रश्नपत्रिका मात्र सगळ्यांना एकच असावी. दर्जा कुठेही कमी होता कामा नये. वाट तेवढी आखूड व्हावी.

माझे मत कशाने खोटे ठरेल, तेही सांगतो, कारण जे मत कशानेच खोटे ठरू शकत नाही त्याचे मंडन करण्यात अर्थ नसतो. एकाच कॉलेजात, सारख्या तयारीच्या मुलांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी करावी. एका गटाला आधी उजळणी आणि मग एम-वन. दुसऱ्याला थेट एम-वन आणि जोडीला जादा तास. दोन वर्षांनी पाहावे, सुरुवातीच्या प्रत्येक शंभरांतल्या किती जणांनी एम-टू पार केले. नापास झालेले आणि मध्येच सोडून गेलेले, दोघेही त्या शंभरात मोजावेत. पहिला गट पुढे निघाला तर मी हे मत सोडून देईन. आपल्या एखाद्या विद्यापीठाने हा प्रयोग करावा, त्याला फारसा खर्चही येणार नाही. तो होईपर्यंत, मधले पद विसरलेल्या मुलाला शिडीच्या तळाशी पाठवण्याआधी त्याच्या हाती आलेखाचा कागद द्यावा, आणि त्याचे उत्तर त्याने स्वतः काढलेल्या वक्राशी जुळते का, हे त्यालाच पाहू द्यावे.